आठ महिने ग्लुकोमीटर वापरल्यावर: चार वाजताचा थकवा शुगरचा नव्हता

गेल्या नवरात्रात मी ग्लुकोमीटर (बोट टोचून घरी शुगर मोजायचं यंत्र) घेतला. वय ४७. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये कटिंगवर सुपरवायझर आहे, घर जुळे सोलापूरला. आईला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. माझी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ आली होती, म्हणजे ५.७ ते ६.४ हा जो मधुमेहाच्या काठावरचा पट्टा मानतात त्यात. डॉक्टर मॅडमनी गोळी दिली नाही. वजन उतरवा, चाला, काही महिन्यांनी परत बघू म्हणाल्या.

मीटर मात्र मी माझ्या मनाने घेतला, तो दुपारच्या थकव्यासाठी. चार वाजले की हातातली कात्री जड व्हायची, डोळ्यांवर झापड यायची. शेजारच्या टेबलावरच्या बाया म्हणायच्या, "अक्का, शुगर उतरली असंल, काहीतरी खा." मलाही तसंच वाटायचं. चहा आणि चार बिस्किटं, रोज.

मीटर २५ स्ट्रिपसह (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या, एक एकदाच चालते) साडेनऊशेला पडला. नंतर ५० स्ट्रिपचा डबा हजाराच्या आसपास, म्हणजे एकदा टोचलं की वीस रुपये गेले. घेताना मीटरची किंमत बघू नका, त्याच्या स्ट्रिपची बघा आणि त्या आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतात का ते विचारा.

पहिले दोन आठवडे मी रोज सकाळी उपाशीपोटी तपासत होते. १०२, १०६, ९९, १०४. त्यातून काहीही कळलं नाही. असे मीटर प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतात, आणि तेवढं मान्यच धरलेलं असतं. त्यामुळे ९९ आणि १०६ यांत फरक शोधण्यात अर्थ नाही. एकाच बोटावर पाच मिनिटांच्या अंतराने मला ११२ आणि १२१ असे आकडे आले आहेत. लॅबमध्ये ९७ आली त्या सकाळी मीटरने १०४ दाखवली. माझ्या मते एवढं चालतं.

उपयोग सुरू झाला तो प्रश्न ठरवून टोचायला लागल्यावर. जेवायच्या आधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, आणि वहीत ताटात काय होतं ते.

पहिला प्रश्न भाकरीचा. ज्वारी म्हणजे शुगरवर औषध, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आमच्या घरी वर्षभर असते. अडीच भाकरी, पिठलं आणि वर भात, असं नेहमीचं जेवण जेवले. आधी १०१, नंतर १६८. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण भाकरी कितीही चांगली असली तरी शेवटी पिष्टच आहे, आणि अडीच म्हणजे अडीच. मग दीड भाकरी केली, भात बंद, आधी वाटीभर मटकीची उसळ आणि काकडी, मग भाकरी, शेंगाची चटणी, ताक. १३९. तेच जेवण आणि लगेच युनिटच्या आवारात पंधरा मिनिटं चालणं: १२४. चालताना मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर उचलून वापरतात, त्याला फार वेगही लागत नाही. हा एक बदल मी कायमचा धरला. कडक भाकरीचं वेगळं लिहिते, कारण ती कुरुमकुरुम करत किती पोटात गेली ते कळत नाही. आता डब्यातून मोजून काढते.

दुसरा प्रश्न चार वाजताचा. दिवाळीच्या आधी आठ दिवस, झापड आली की चहाच्या आधीच टोचत गेले. सगळ्यांत कमी ९४, सगळ्यांत जास्त ११७. शुगर उतरली म्हणतात ती ७० च्या खाली. माझी एकदाही उतरली नव्हती, म्हणजे इतके दिवस बिस्किटं मी विनाकारण खात होते.

वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, पाळीबद्दल विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. दोन वर्षं पाळीत अंगावरून जास्त जात होतं आणि वयाचंच आहे म्हणून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. फेब्रुवारीत ११.८ झालं आणि चारची झापड त्याच्याही आधी, जानेवारीतच गेली होती. मीटर रक्तातलं लोह मोजत नाही. पण शुगर नाही, दुसरं काहीतरी आहे, हे त्याने मला दाखवलं, आणि माझ्यापुरता तोच त्याचा सगळ्यांत मोठा उपकार आहे.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. लोह कमी असेल तर एचबीए१सी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते, कारण तो आकडा तांबड्या पेशींवर चढलेल्या साखरेचा असतो आणि लोहाअभावी जुन्या पेशी जास्त काळ फिरत राहतात. फेब्रुवारीत माझी ५.८ आली. मॅडम म्हणाल्या, सगळं श्रेय भाकरीला देऊ नका, थोडं गोळ्यांचंही आहे. मला ते पटलं.

चुकाही झाल्या. एकदा डाळिंबं सोलून दाणे काढले, हात पदराला पुसले आणि टोचलं: २१३. धावत जाऊन साबणाने हात धुतले, दुसऱ्या बोटाला १०८. फळाचा रस बोटावर असला की मीटर तोही मोजतो. सॅनिटायझरने पुसून भागत नाही, पाण्याने धुवायचे आणि कोरडे करायचे. दुसरी चूक महागात पडली. मे महिन्यात पारा ४३ वर असताना स्ट्रिपची डबी दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली. नंतर आकडे चाळीस-चाळीसने इकडेतिकडे. त्या डबीवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं आहे. तीस स्ट्रिप फेकल्या, सहाशे रुपये. आता घरात माठाजवळच्या थंड कोनाड्यात असतात, पण कोरड्या जागी. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर ओल धरते. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकाला नाही. सुई प्रत्येकाची वेगळी, वापरलेली जाड बरणीत.

जानेवारीत एकदा दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सरही लावून बघितला, पाच हजारांच्या आसपास. तो रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. संक्रांतीला शेंगाची पोळी खाऊन होम मैदानावर गड्ड्याला (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) तासभर फिरले, तर सेन्सरची रेघ १४० च्या वर गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी तशीच पोळी खाऊन आडवी झाले, १७१. हे बघण्यासारखं होतं. पण त्या कुशीवर झोपले की रात्री ५८ दाखवून गजर करायचा, आणि बोट टोचलं की ९१. दंड दाबला गेला की असं होतं. घरातल्या सगळ्यांची झोप मोडली. इन्सुलिन घेणाऱ्यांना तो हवाच, मी परत घेणार नाही.

आईचं सांगायलाच हवं. तिला ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी आहे. कार्तिकीला तिने सवयीने गोळी घेतली आणि अकरापर्यंत काही खाल्लं नाही. हात थरथरायला लागले, घाम सुटला. ६१. तीन चमचे साखर पाण्यात दिली, पंधरा मिनिटांनी ८८. मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दोन तासांनी २३६. एका उपासात ही दोन टोकं. आता एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळी ठरते, आणि खिचडीऐवजी भगर, तीही थोडी, दाण्याची आमटी जास्त.

ज्यांना माझ्यासारखं काठावर सांगितलंय, त्यांनी एक डबा घ्यावा, दोन महिने आपल्या ताटाचे प्रश्न सोडवावेत आणि मग हात आखडता घ्यावा. मी आता आठवड्यातून दोनदाच टोचते. सध्याचा प्रश्न आंब्याचा आहे: अर्धा केशर जेवणानंतर लगेच, की चार वाजता नुसता? जेवणानंतरचे दोन आकडे आले आहेत, १५२ आणि १४७. चारचे अजून घ्यायचेत.