सोलेक्सचा जेट हवाय? नवापुऱ्यातल्या कार्बेटरवाल्या मामांकडे जा

पाटी शोधू नका, नाहीये. बडोद्याच्या नवापुऱ्यात शिरून ‘कार्बेटरवाले मामा’ विचारलं की कुणीही बोळ दाखवतं. गाडी मात्र मोठ्या रस्त्यावरच लावा.

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी सासऱ्यांनी घेतलेली. इंजिन तेच १०८९ सीसीचं, वर सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. अलीकडे तिला नवीच खोड लागली होती. हालोल रोडला साठ-पासष्टच्या वेगात ॲक्सिलरेटर एका जागी धरला की झटके खायची आणि पावागडला माचीच्या चढावर दम सोडायची. चोक, म्हणजे हवा कमी करणारी झडप, जरासा ओढला की लगेच शहाण्यासारखी चालायची. चोक ओढून सुधारते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इतकं घरबसल्या कळतं. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून बडोद्यात सल्ला देणाऱ्यांची तर मुळीच कमी नाही. ‘मोठा जेट टाका’ म्हणून सगळे सांगतात. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा, त्या भोकावर पेट्रोल किती जायचं ते ठरतं. केवढा मोठा, ते कुणी सांगत नाही.

आधी ऑनलाइन किट मागवला. मेन जेटवर, म्हणजे गाडी वेगात असताना पेट्रोल देणाऱ्या मुख्य जेटवर, १२५ कोरलेलं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिमी. मी कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाच्या, लॅबमध्ये नोकरी केलेली, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. त्या १२५ मध्ये १.३१ मिमीची मोजायची पिन सरळ आत गेली. गाडी उभी असताना पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक तर मधोमधही नव्हतं. विकणाऱ्याचं नाव लिहून उपयोग नाही, तसलाच माल वेगवेगळ्या डब्यांतून सगळीकडे खपतोय.

मामांनी पहिल्या भेटीत जेट विकलाच नाही. आत्ता आत मेन जेट कितीचा, हवा सोडणारा एअर जेट कितीचा, एअर फिल्टर मूळचा की बदललेला, असं सगळं विचारून घेतलं. मग हातातलं काम सोडून रस्त्यावर गाडीपाशी आले, इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळाच्या, गॅस्केटवर तेलाचे थेंब सोडले, कुठे हवा ओढतेय का ते पाहायला. फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची, पातळी पाहिली, ठिणगीचं टायमिंग पाहिलं. म्हणाले, “ताई, गाडी हवा चोरत असेल तर जेट वाढवून काय होणार? एका भोकाने दुसरं भोक बुजवायचं का?” गिऱ्हाईक समोर उभं असताना माल न विकणारा दुकानदार मला या शहरात क्वचितच भेटलाय.

हवा कुठून येत नव्हती. मग फ्लोट चेंबरच्या तळाचा बोल्ट बाहेरूनच खोलून मेन जेट काढला. १२० चा होता. १.२० ची पिन गेली, १.२१ ची अडली, म्हणजे जेट अस्सल आणि झिजलेलाही नाही. बदललं होतं ते पंपावरचं पेट्रोल, त्यात आता इथेनॉल आलंय. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त हवं. १२० चा १२५ केला की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा. मी हे वहीत मांडेपर्यंत मामांनी डब्यातून १२५ काढून समोर ठेवलासुद्धा.

पण खरी पाहण्यासारखी गोष्ट त्यांच्या भिंतीवर आहे. उभी काचेची नळी, तिच्यात ठरलेल्या खुणेपर्यंत भरलेलं पेट्रोल, खाली जेट बसवायची जागा आणि मोजपात्र. पिन फक्त व्यास सांगते. भोकाच्या तोंडाचा उतार किंवा भोकाची लांबी वेगळी असली तर त्याच व्यासातून कमी-जास्त पेट्रोल जातं. म्हणून मामा प्रत्येक जेट मिनिटभर वाहू देतात आणि जपून ठेवलेल्या मूळ जेटशी ताडून पाहतात. तार घालून ‘साफ’ केलेले जेट इथे हमखास पकडले जातात. माझ्या लॅबमधली कितीतरी महागडी उपकरणं इतक्या मन लावून वापरली जात नसत.

बुलेट मोटरसायकलवरच्या जुन्या अमल कार्ब्युरेटरचे जेट ते वेगळ्या डब्यात ठेवतात, कारण त्यांच्यावरचा आकडा मिनिटाला किती सीसी पेट्रोल वाहतं त्याचा. अमलचा १८० म्हणजे १.८० मिमी समजलात तर संपलं. मी बसले असताना एसयू या तिसऱ्या कंपनीच्या कार्ब्युरेटरवाले एक गृहस्थ जेटचा नंबर विचारत आले. मामांनी त्यांना सुई काढून आणायला पिटाळलं. एसयूमध्ये जेटच्या भोकात निमुळती सुई असते, हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरतं तिच्या निमुळतेपणावर, आणि सुई ओळखायची तिच्या दांड्यावरच्या अक्षरांवरून.

१२५ बसवल्यावर हालोल रोडचे झटके गेले, माचीचा चढ चोकला हात न लावता चढली. ॲव्हरेज वाढेल अशी आशा धरू नका. स्पार्क प्लगच्या रंगावरून मिश्रण जमलं म्हणून खूश होऊ नका, असंही मामा बजावतात. इथेनॉलवर प्लग तसेही फिकट दिसतात. इथेनॉलमुळे रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा बदलायला लावला, तो खर्च वेगळा.

तरी पाचपैकी चारच तारे. बिल मिळत नाही. दुपारी एक ते चार कुलूप. फोन उचलत नाहीत, उचलला तर ‘घेऊन या, बघू’ एवढंच. एका जेटचे दोनशे रुपये घेतात, तेवढ्यात बाजारात अर्धा किट येतो. आणि पंप जेट, म्हणजे ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर जादा पेट्रोल सोडणारा, त्यांच्याकडे नसतोच, तो तुम्हालाच जुन्या कार्ब्युरेटरमधून मिळवावा लागेल. तसला एखादा भंगारातून आणलात तर मोजून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत.