आजीचं ‘माझे पुराण’ की नातीची ‘तेरुओ’?

दापोलीजवळच्या मुरुडला फिरायला येणारे समुद्र पाहतात, दुर्गादेवीचं देऊळ पाहतात आणि निघतात. याच गावाने 1893 साली धोंडो केशव कर्व्यांना वाळीत टाकलं होतं, कारण त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई मूळच्या देवरुखच्या, पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. त्यांचं आत्मकथन ‘माझे पुराण’ आणि त्यांची नात गौरी देशपांडे यांची लघुकादंबरी ‘तेरुओ’ शेजारी ठेवून वाचावीत, असं मला मनापासून वाटतं.

बाया प्रेमाबिमाचं बोलत नाहीत. बालपणीच आलेलं वैधव्य, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातलं शिक्षण, मग पुनर्विवाह, सगळं घरगुती बोलीत, माजघरात बसून सांगावं तसं. इच्छा आहे ती जगण्याची, शिकण्याची. पण त्या काळी विधवेने पुन्हा कुंकू लावणं हेच केवढं बंड! गावाचा राग वाचताना आजही अंगावर काटा येतो.

गौरीबाईंची नायिका जपानमध्ये राहणारी, लग्न झालेली, आणि तेरुओ नावाच्या पुरुषाकडे ओढली गेलेली. ती ही ओढ लपवत नाही, तिच्याबद्दल माफीही मागत नाही. भाषा चपळ, जरा बौद्धिक. पहिली काही पानं नेटाने वाचावी लागतात.

धीटपणात मला आजी पुढे वाटते, कारण तिला गावाला तोंड द्यावं लागलं. मनाच्या आतलं मात्र नातीकडेच मिळतं. कोकणातल्या वाचकाने आधी ‘माझे पुराण’ घ्यावं.