डापाग्लिफ्लोझिन १० एमजी, आईच्या शुगरच्या गोळीचा रिव्ह्यू

आईचा डायबेटीस जुना आहे, मेटफॉर्मिन चालूच होतं तरी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) साडेआठच्या खाली येईना, म्हणून डॉक्टरांनी सकाळची ही एक गोळी वाढवली. आता साडेसातवर आलंय, वजन थोडं उतरलंय, बीपी पण जरा खाली आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

ही काम कसं करते ते कळल्यावर तर मला फारच भारी वाटलं. बाकीच्या बऱ्याच गोळ्या इन्सुलिनच्या मागे असतात, हिचा सगळा कारभार किडनीत. किडनी दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि जवळपास सगळंच परत रक्तात ओढून घेते, त्यातलं ९० टक्के काम एसजीएलटी२ नावाचं एकच प्रोटीन करतं, गोळी त्यालाच अडवते आणि जादा साखर लघवीवाटे निघून जाते. त्यामुळे लघवीच्या रिपोर्टमध्ये शुगर दिसणारच, घाबरू नका. आणि याचं मूळ कुठे, तर १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या फ्लोरिझिन नावाच्या पदार्थात! पुढे २०१९ च्या डापा-एचएफ ट्रायलमध्ये तर डायबेटीस नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटनाही फायदा दिसला, मग २०२० मध्ये किडनीच्या पेशंटना पण.

किंमत परवडते. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याकडे पेटंट संपलं आणि ढीगभर कंपन्यांची जेनेरिक आली, आम्ही तेच घेतो.

अर्धा स्टार कापला तो गोळीसाठी नाही, दुकानात स्ट्रिप हातात देताना कोणी काहीच सांगत नाही त्यासाठी. लघवीत साखर म्हणजे खालच्या जागी फंगल इन्फेक्शन होऊ शकतं, बायकांना जास्तच, आणि आपल्याकडच्या आया खाज सुटली तरी लाजून बोलत नाहीत, तुम्हीच विचारा. पाणी भरपूर प्यायला हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निर्जळी एकादशी, हरतालिका असले कडक उपवास, किंवा उलट्या-जुलाब होऊन पोटात काही टिकत नसेल, तर गोळी चालू ठेवायची का ते डॉक्टरांना विचाराच, कारण अशा वेळी कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल घातक प्रमाणात वाढणं) होऊ शकतो आणि त्यात शुगर नॉर्मलच्या आसपास असू शकते, म्हणजे ग्लुकोमीटर बघून कळणारच नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर सरळ हॉस्पिटल गाठा. ठरलेलं ऑपरेशन असेल तर ही साधारण ३ दिवस आधी बंद करतात, सर्जनना आधीच सांगून ठेवा. टाइप १ डायबेटीसवाल्यांनी (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) शेजाऱ्याचं ऐकून अजिबात घेऊ नये.