बोर्डात नवी वायर, पाइपात जुनीच

जुन्या बिल्डिंगीत राहणाऱ्यांनी हे जरूर वाचा. डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटचं वायरिंग बिल्डरने केलं तेच अजून आहे. वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा सॉकेट काळा पडला, म्हणून गेटवरच्या कार्डावरचा नंबर बघून इलेक्ट्रिशियन बोलावला. प्लेट उघडली तर आत दोन लाल, तीन काळ्या वायरी, आणि त्यातली एक काळी म्हणजे वरच्या दिव्याची हाफ वायर, म्हणजे स्विचपासून दिव्याकडे जाणारी. हिरवी कुठेच नाही. ते जंजाळ बघून गडी खूशच झाला असणार. "काका, अख्खी लाइन जळलीय. मेन बोर्डापासून नवीन ओढतो, अर्थिंगसकट." साडेसहा हजार.

पैसे घेण्याआधी त्याने टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला (करंट आणणाऱ्या वायरीला) लावलं, दुसरं अर्थच्या मोठ्या भोकात घातलं. बल्ब लख्ख पेटला. "बघा, अर्थिंग एकदम ओके!"

त्यानंतर मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या, गरम पाण्याच्या सेटिंगवर जास्तच. त्याला फोन केला तर म्हणे मशीन खराब. मशीनवाला येऊन म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. शेवटी वरच्या मजल्यावरच्या अण्णांना बोलावलं, ते निवृत्त वायरमन. त्यांनी मेन बंद करून सॉकेट सोडवला आणि ती नवी कोरी लाल वायर हलकेच ओढली. वीतभर बाहेर आली, टोकाला काळ्या टेपचा गोळा, आणि त्याच्या पुढे जुनीच वायर. काळ्या वायरीचंही तेच, मेन बोर्डाकडच्या टोकालाही तेच. सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरीच्या) स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर हिरवा तुकडा. झालं अर्थिंग! बल्ब पेटणारच, करंट न्यूट्रलमधूनच परत जात होता.

न्यूट्रलचा तो पिळून टेप मारलेला जोड ढिला होता. मशीनचा हीटर लागला की तिथे व्होल्टेज चढायचं आणि हिरव्या तुकड्यातून थेट मशीनच्या पत्र्यावर यायचं. जोड पूर्ण सुटला असता तर पत्र्यावर २३० व्होल्ट आले असते, आणि एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, ढिम्म हलला नसता. तो ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असतो, माणसासाठी नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच लागतो, तो आता बसवला.

कोणी "लाइन ओढली" म्हणालं तर निघालेली जुनी वायर जमिनीवर पसरून दाखवायला सांगा. तांब्याचं भंगार नेऊ दे खुशाल, पण आधी दिसू दे. अर्थिंगसाठी बल्बवर जाऊ नका. फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करून, मशीनचा प्लग काढून, जाणकाराकडून मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थच्या भोकांत लावून घ्या. बीप वाजला तर घरातच कुठेतरी दोन्ही जोडलेत. परवान्याचा नंबर असलेलं बिलही मागा. आमच्याकडे साधी चिठ्ठीसुद्धा नाही, त्यामुळे "साइटवर आहे काका, नंतर बोलतो" यापलीकडे त्याच्याकडून काही मिळालेलं नाही.

नव्या सॉकेटवर झिणझिण्या येत असतील तर आधी मशीन वापरणं थांबवा, त्याला फोन मागून करा.