वनस्नान, पोपटी आणि जांभूळकाका

"रेवदंड्याची खाडी न ओलांडता हा फणसाडला कसा नेतोय गो?" असं आत्याने मला टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी तिला "शू" केलं. पुढे जे झालं त्यातलं निम्मं त्या "शू"मध्येच आहे, म्हणून सांगायला तिथूनच सुरुवात करते.

मी ठाण्याला राहते. विमा कंपनीत क्लेमची कागदपत्रं तपासते, म्हणजे मला पगार मिळतो तोच संशय घेण्याचा. डिसेंबरात इन्स्टाग्रामवर एक जाहिरात दिसली. फणसाड अभयारण्याच्या अगदी आत तीन तास मौन वनस्नान, म्हणजे झाडांमध्ये गप्प बसून राहायचं, आणि मग तिथेच, जंगलात, मडक्यातली वालाच्या शेंगांची पारंपरिक पोपटी. जागा फक्त चौदा. माणशी 3,200 रुपये, मांडव्याच्या जेट्टीपासून ने-आण धरून. मला वनस्नानाचं कुतूहल होतं, पण खरं कारण पोपटी. माझी आत्या चौलची. लग्न होऊन मुलुंडला आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. गुडघ्यांमुळे चार हिवाळे माहेरी गेलेली नव्हती. तिला जाहिरात वाचून दाखवली तर म्हणाली, "जंगलात पोपटी? पोपटी शेतात लावतात." तरी डोळ्यांत पाणी आलंच. मी दोघींचे 6,400 भरले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं, जाहिरातीतल्या नावाशी काडीचा संबंध नसलेलं. ऑफिसात असं काही समोर आलं असतं तर फाइल बाजूला काढली असती. इथे पिन टाकून मोकळी झाले.

खरं तर ती जाहिरात स्वतःच्या तोंडानेच खोटी ठरत होती. फणसाड म्हणजे पूर्वीचं मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. आत शिरायला वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. आणि रानाला धोका होईल असा विस्तव अभयारण्यात पेटवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, कलम 30. पोपटी म्हणजे मडक्याभोवती पेंढा आणि पालापाचोळ्याचा पुरुषभर जाळ. जानेवारीच्या वाळक्या गवतात, अभयारण्यात, तो कोण लावू देणार? हे कळायला कायदासुद्धा वाचायला नको होता.

मांडव्याला एक तरतरीत मुलगा उभा होता. लिननचा सदरा, गळ्यात रुद्राक्ष, बोलणं लोण्यासारखं. त्याने आधी सगळ्यांचे फोन एका ज्यूटच्या पिशवीत घेतले, "डिजिटल डिटॉक्स". मग प्रत्येकाच्या गळ्यात एक लाकडी चकती अडकवली. आज आपलं नाव, हुद्दा, आडनाव सगळं बाहेर ठेवायचं, आज आपण फक्त झाडं. मी झाले पळस, आत्या करवंद. आमच्या मागच्या सीटवर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते, ते जांभूळ. आणि गाडी सुटल्यापासून मौन. खिडक्यांना पडदे.

तेव्हा हे सगळं मला फार सुंदर वाटलं. आता त्याकडे पाहते तेव्हा कारागिरी दिसते. फोन नाही म्हणजे नकाशा नाही. नाव नाही म्हणजे नंतर शोधता येत नाही. बोलायचं नाही म्हणजे तू किती भरलेस, तुला काय सांगितलं, हे शेजाऱ्याला विचारायचं नाही. आणि पैसे मोजून आलेला माणूस हे नियम स्वतःहून पाळतो, वर दुसऱ्यांनाही पाळायला लावतो. मी लावले.

आत्याने पडद्याची कड बोटाने सरकवून ठेवली होती. अलिबाग गेलं आणि ती माझ्या कानाशी आली. "बेलकड्याला डावीकडे घातली गो याने. हा रोह्याचा रस्ता. रोह्यावरून फणसाड म्हणजे द्राविडी प्राणायाम." मी शू. थोड्या वेळाने खाडीचं विचारलं, तीनदा. तिन्ही वेळा पुन्हा शू. मग मात्र तिने सरळ त्या मुलालाच विचारलं. त्याने ओठांवर बोट ठेवून मान तिरकी केली आणि हळूच म्हणाला, "करवंद, आपण मागच्या गेटने चाललोय." पुढच्या सीटवरच्या एका बाईने वळून आत्याकडे असं पाहिलं, की ती गप्पच झाली.

उतरलो ते तारेचं कुंपण घातलेल्या आवारात. झाडं होती, नाही असं नाही. ऑस्ट्रेलियन बाभूळ, एका रांगेत, एका उंचीची, कोणीतरी सात-आठ वर्षांपूर्वी एकाच दिवशी लावलेली. खाली त्या विळ्यासारख्या पानांचा कोरडा थर, त्यात दुसरं काही उगवलेलं नाही. मध्ये मध्ये जमिनीत चुना फासलेले दगड पुरलेले. ते कसले हे विचारायचं नव्हतं, कारण मौन.

त्या मुलाला पाठांतर बरं होतं. जपानच्या वनखात्याने 1982 साली वनस्नानासाठी शिनरिन-योकू हा शब्द काढला हे त्याने सांगितलं, ते खरं आहे. झाडं फायटोनसाइड नावाची द्रव्यं हवेत सोडतात, तेही खरं. पण मग म्हणाला, की या तीन तासांत तुमच्या कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी पन्नास टक्क्यांनी वाढतील, जपानमध्ये सिद्ध झालंय. घरी आल्यावर शोधून वाचलं. तो अभ्यास बारा पुरुषांचा, आणि ती माणसं दोन रात्री तीन दिवस रानात राहिली होती. याच्या बाभळीखाली तीन तासांत जे व्हायचं ते आम्हाला झालं: डास चावले. वरून एक साधी खार पळाली, तिच्याकडे बोट दाखवून तो "शेकरू" म्हणाला. शेकरू मांजराएवढं असतं हो, शेपूट वेगळीच. जांभूळकाका खुदकन हसले. तेवढा एकच आवाज आमच्यापैकी कोणी तीन तासांत काढला.

तरी एक कबूल करते. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून अर्धा तास नुसतं बसायचं होतं, तेव्हा मला झोप लागल्यासारखं झालं आणि फार बरं वाटलं. नंतर मी जे केलं ते त्या बरं वाटण्याच्या भरात केलं.

मग पोपटी. हे मात्र सविस्तर सांगते, कारण इथे आत्याला फसवणं शक्यच नव्हतं.

कुंपणाच्या कडेला चार मडकी मांडून ठेवलेली, आधीच काळी. भोवती पाला टाकून पेटवला, आम्हाला गोल करून बसवलं, कोणीतरी ढोलकी वाजवली. दहा मिनिटांत पोपटी तयार म्हणून जाळ बाजूला सारला. आत्या उठली, पाण्याच्या बाटलीत बोटं बुडवली आणि मडक्यावर झटकली. चर्र झालं नाही. थेंब ओघळून खाली गेले. पोपटी झाली की नाही ते आमच्याकडे असंच बघतात. मडकं असं तापलेलं असतं की पाणी पडताक्षणी चरचरून उडून जातं. त्याला जाळही अर्धा तास तरी लागतो.

मग शेंगा आल्या, पत्रावळीवर. तिने एक उचलली आणि दोन बोटांत दाबली. शेंगेतून पाणी गळलं.

"पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत," ती म्हणाली. मोठ्याने. मौन गेलं खड्ड्यात. "मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला, तोंड गच्च बंद. शेंगा भांबुर्ड्याच्या वाफेवर शिजतात. या कुकरमध्ये उकडून आणल्यात." तिने मडक्यातला पाला बाहेर काढून चुरगळला आणि माझ्या नाकाशी धरला. कसलाही वास नाही. भांबुर्डा चुरगळलेला हात दिवसभर लपत नाही. तो भात कापलेल्या शेतात हिवाळ्यात फुकट उगवतो, आणि ज्याला तेवढाही आणता आला नाही त्याने पारंपरिक जेवणाचे पैसे घेतले होते.

मुलगा हसला. "आजी, प्रत्येक गावाची रेसिपी वेगळी."

मी आत्याला म्हटलं, "जाऊ दे ना." हे वाक्य मला अजून रात्री ऐकू येतं.

जेवण झाल्यावर ज्यूटची पिशवी आली. पण फोन हातात मिळाला नाही, शेडमध्ये एकेकाला बोलावून मिळाला. आत टेबल, मागे मोठा फ्लेक्स, गार सरबत आणि टाय लावलेला दुसरा माणूस. तुम्ही आज ज्या जंगलात न्हायलात त्याचा पाच गुंठ्यांचा तुकडा तुमचा होऊ शकतो. मग त्या चुन्याच्या दगडांचा अर्थ लागला. आजच्या आज टोकन दिलं तर दोन लाखांची सूट, टोकन सात दिवसांत परत. त्याने माझा फोन टेबलावर क्यूआरच्या शेजारी ठेवला, अगदी शेजारी.

मला शेतजमीन घेताच येत नाही. माझ्या नावावर सातबारा नाही, मी शेतकरी नाही, आणि कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती मिळत नाही हे मला माहीत होतं. मी सातबारा मागितलाही. "मॅडम, ते बुकिंगनंतर." आणि तरी मी 11,000 भरले. का, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे: चौलपासून जवळ, आत्याला हिवाळ्यात आणता येईल, परतच मिळणार आहेत. बाहेर आले तेव्हा जांभूळकाका आत जात होते. बाहेर येऊन त्यांनी बायकोला फोन लावला तो आम्ही ऐकला. "एक्कावन्न दिले. हो, हजार. सरप्राइज."

परतीच्या बोटीत तोंडं उघडली. दादरच्या जोडप्याने माणशी 2,500 दिले होते, खारघरच्या मुलाने शाकाहारी पोपटीचे जास्तीचे धरून 4,500. एकीला कर्नाळा सांगितलं होतं. तिने नकाशा उघडला, आम्ही दिवसभर रोह्याच्या रस्त्यावर, रामराज गावाच्या अलीकडे होतो. बोटीत आम्ही नऊजण होतो, बाकीचे अलिबागच्या एसटी स्टँडवर उतरलेले. जांभूळकाकाही.

सात दिवसांचे पंधरा झाले, मग नंबर ब्लॉक, मग जाहिरातच गायब. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन केला, तक्रार नोंदली गेली, पण तिथल्या बाईने पहिलं विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" तोवर पंधरा दिवस गेलेले, खात्यात काही उरलं नव्हतं. असला पैसा थांबवायचा तर तासाभरात फोन करायला हवा, बोटीतूनच करायला हवा होता. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, वेगळी तक्रार केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि आमच्याकडे आहे फक्त ते एंटरप्रायझेस. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आत्याच्या मुलीकडे निघाला, मी तिला खिजवायला पाठवला होता म्हणून. आज फाइलमध्ये सगळ्यात वजनदार कागद तोच आहे.

फेब्रुवारीत आत्याला घेऊन खऱ्या फणसाडला गेले, रेवदंड्याचा पूल ओलांडून, सुपेगावच्या बाजूने. पावती फाडली. गारंबीच्या वेली पाहिल्या, मनगटाहून जाड, झाडांना गुंडाळून वर गेलेल्या, शेंग हातभर. आत्या एका दगडावर बसली आणि तासभर बोलली नाही, तिला कोणी सांगितलं नव्हतं. नाक्यावर त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट दाखवला. तिथला माणूस म्हणाला, "या महिन्यात हे दाखवणाऱ्या तुम्ही तिसऱ्या." रात्री चौलला आत्याच्या भावजयीने शेतात मडकं लावलं. हाताचा वास ठाण्यापर्यंत आला.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी वही उघडून विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण फसलंय? नावं सांगा." बोटीतल्यांची सांगितली. "सगळ्यात मोठी रक्कम कोणाची?" मी म्हटलं, जांभूळकाकांची. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आम्ही नऊजणांनी मिळून अर्ज दिला आहे, एकूण रक्कम लाखाच्या आत आहे. त्यांचे एक्कावन्न हजार आले तर आकडा आणि अर्ज दोन्ही जड होतील. वय सत्तरीच्या आसपास, पांढऱ्या मिशा, उजव्या हातात तांब्याचं कडं, जानेवारीचा दुसरा रविवार, बायकोला सरप्राइज द्यायचं होतं. ती माऊली किंवा त्यांची मुलं कोणाच्या ओळखीत असतील तर हे त्यांना वाचून दाखवा. ते अजून टोकन परत येण्याची वाट बघत असतील.