पिल्लांच्या कागदांसाठी जळगावचं क्लिनिक, रंग नीट बघून लिहितात
चोपड्याहून मुद्दाम जळगावला गेलो, आमच्या जर्मन शेफर्डच्या पिल्लांची केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी करायची होती. मागच्या खेपेला एका एजंटने नुसते फोटो पाहून सगळ्यांचा रंग ब्लॅक अँड टॅन (काळा-तांबूस) लिहून टाकला, त्यातलं एक मोठं झाल्यावर सरळ सेबल निघालं आणि घेणारा भाऊ माझ्यावरच चिडला. इथे डॉक्टर मॅडमनी एकेक पिल्लू उजेडात नेलं, पाठीचे केस बोटाने उलटे करून दाखवले, की बघा भाऊ, एकाच केसाला खाली फिकट आणि टोकाला काळं असलं तर ते सेबल, वरून काळं दिसतं म्हणून फसायचं नाही. शेजारी एकजण लॅब म्हणजे लॅब्रेडॉर कुत्रा घेऊन आलेले, गोल्डन लिहा म्हणत होते, त्यांनाही शांतपणे सांगितलं की लॅबमध्ये रंग तीनच, काळा, यलो, चॉकलेट, क्रीमपासून पार लालसरपर्यंत सगळं यलोच. कातडीखालची ओळख नंबराची मायक्रोचिप पण तिथेच बसवली, नंबर फॉर्मशी दोनदा ताडून पाहिला, हे मला फार आवडलं. गर्दी असते, आणि मे महिन्यात पिल्लं घेऊन बाहेर बसायला सावली नाही, तेवढी सोय करा प्लीज. पुढची पिल्लं पण इथेच आणणार.