कोल्हापुरात रस्ता, वाहतूक आणि पर्यटनाची तक्रार कुठे न्यावी? चार मार्गांची तुलना

तालीम मंडळ असो, शाळेचे पालक असोत की महाद्वार रोडवरचे दुकानदार, वाहतुकीबद्दल अर्ज लिहायला बसले की वरती 'मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका' हेच नाव पडतं. त्यातले बरेच अर्ज मागणी चुकीची म्हणून अडकत नाहीत, तर ती मान्य करण्याचा अधिकार दुसऱ्याच टेबलावर असतो म्हणून अडकतात. तेव्हा आधी दोन गोष्टी ठरवा. पहिली, रस्ता कुणाच्या ताब्यात आहे? दुसरी, तुम्हाला नेमकं काय हवंय? खड्डा बुजवणं, पट्टे मारणं, दिवा बसवणं हे काम झालं. एकेरी मार्ग, नो पार्किंग, अवजड वाहनांना बंदी हा नियम झाला. झालेल्या कामाचा दर्जा आणि खर्च तपासायचा असेल, तर तो हिशेब झाला. या तिन्हींसाठी तीन वेगळे मार्ग आहेत, आणि हद्दी एकमेकींत अडकल्या तर चौथा.

आधी रस्त्याचा मालक

शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे. पुणे-बेंगळुरू महामार्ग (एनएच 48) राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, तिथल्या तातडीच्या अडचणीसाठी 1033 ही हेल्पलाइन. शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव इथे शहर संपल्यासारखं वाटत नाही, पण तिथे महापालिकेची हद्द नाही. सेवा रस्त्यावरचं पाणी किंवा बंद दिवे यासाठी महापालिकेकडे अर्ज दिला, तर तो फक्त पुढे पाठवला जातो. रत्नागिरी रस्त्याने केर्लीवरून जोतिबाला किंवा वाघबीळवरून पन्हाळ्याला निघालं की राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग, वाडी रत्नागिरी ग्रामपंचायत आणि पन्हाळा नगरपरिषद अशा हद्दी एका सहलीत ओलांडल्या जातात. भाविक एकच असला तरी त्याच्या वाटेचे मालक चार. मालक कोण याबद्दल शंका असेल तर किलोमीटरचा दगड आणि कामाचा फलक बघा. फलकावर विभागाचं नाव असतं.

मार्ग 1: महापालिका

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार सार्वजनिक रस्ते बांधणं, त्यांची देखभाल करणं आणि त्यांवर दिवाबत्ती ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. त्यामुळे खड्डा, फूटपाथ, गटाराचं उघडं झाकण, झेब्रा पट्टे, पुसलेल्या दुभाजक रेषा यासाठी हाच मार्ग धरा. अर्ज मुख्य इमारतीत देण्याऐवजी तुमच्या विभागीय कार्यालयात द्या: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट. काम करणारा उपशहर अभियंता तिथेच बसतो.

पोच घेताना शिक्क्यावर आवक क्रमांक आणि तारीख आहे ना ते बघा, आणि शक्य असेल तर वेळही लिहून घ्या. त्याला कारण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यांबाबत आदेश दिला. त्यानुसार खड्डा निदर्शनास आणल्यापासून 48 तासांत बुजवायचा आहे. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना इजेनुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची आहे. 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे उत्तर तुमच्याकडच्या पोचपावतीमुळे टिकत नाही. फोनवर सांगितलेल्या तक्रारीचा असा उपयोग होत नाही.

नगरसेवकाकडे जावं का? जावं, पण कशासाठी ते ठरवून. 2020 मध्ये मुदत संपल्यावर महापालिका पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाकडे होती. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर पुन्हा सभागृह आलं. आता 20 प्रभागांत 81 जागा आहेत, म्हणजे एका प्रभागात चार किंवा पाच नगरसेवक. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला यात भरपूर जागा आहे. म्हणून अर्ज एकच लिहा, त्याच्या प्रती प्रभागातल्या सगळ्यांना द्या आणि प्रत्येकाची सही घ्या. नगरसेवक खड्डा बुजवू शकत नाही, पण सभागृहात प्रश्न विचारू शकतो. निविदा मंजूर होते त्या स्थायी समितीत, तर केएमटीचे (महापालिकेच्या शहर बससेवेचे) मार्ग आणि थांबे यांवर देखरेख करणाऱ्या परिवहन समितीत विषय मांडू शकतो. नवीन कामाला अंदाजपत्रकात तरतूद लागते, त्यामुळे ती मागणी डिसेंबरच्या आत पोहोचलेली बरी. मे महिन्यात मागितलेला फूटपाथ पावसाळा उलटल्याशिवाय सुरू होत नाही.

गतिरोधकाबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक मागणी त्याचीच आणि सर्वाधिक चुकाही त्यातच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार (आयआरसी 99) गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच असतो. ताशी 25 किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून न आदळता जावी, असा तो आकार आहे. गल्लीतली मंडळी रात्रीत सिमेंट ओतून फूटभर रुंदीचा, वीतभर उंचीचा उंचवटा करतात, तेव्हा दुचाकीचं पुढचं चाक उडतं, मागे बसलेली व्यक्ती फेकली जाते, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाच्या मणक्याला हिसका बसतो. शिवाय चालक तो चुकवायला कडेच्या मोकळ्या पट्टीत शिरतो, आणि तिथूनच मुलं चालत असतात. काळे-पांढरे पट्टे आणि आधी इशारा फलक नसेल तर मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधकही रात्री धोकादायक ठरतो. बोल्टने बसवलेल्या रबरी पट्ट्या निघाल्या की बोल्ट वर राहतात. त्यामुळे अर्जात 'गतिरोधक हवा' एवढंच न लिहिता 'मानकानुसार, पट्टे आणि फलकांसह' असं लिहा. शाळेसमोर अनेकदा उंच केलेला पादचारी मार्ग आणि 1.8 मीटर मोकळा फूटपाथ यांचा उपयोग जास्त होतो.

मार्ग 2: शहर वाहतूक शाखा

कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे इथला मार्ग जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतल्या शहर वाहतूक शाखेचा. सम-विषम पार्किंग, एकेरी मार्ग, ट्रॅव्हल्स बसना ठरावीक वेळेत बंदी हे सगळं मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115, 116 आणि 117 खाली अधिसूचना काढून होतं. महापालिकेने लावलेल्या 'नो पार्किंग' फलकामागे अधिसूचना नसेल, तर त्यावर झालेला दंड आव्हान दिल्यास टिकणं कठीण. उलट पोलिसांची अधिसूचना असते पण फलक झाडामागे असतो, आणि बाहेरगावच्या भाविकाच्या हातात ई-चलान पडतं. दोन्ही प्रकार शहराच्या नावाला बट्टा लावतात.

या मार्गाचा मोठा गुण म्हणजे वेग. एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून कायमची एकेरी वाहतूक मागण्यापेक्षा आधी 30 दिवसांचा प्रयोग मागा. नवरात्र किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तो घेतला तर गर्दीचा खरा कस लागतो. मर्यादाही लक्षात असू द्या: कलम 117 खाली पार्किंगची जागा ठरवताना स्थानिक स्वराज्य संस्थेशी सल्लामसलत करावी लागते. म्हणजे पार्किंगचा विषय एकट्या पोलिसांचा नाही आणि एकट्या महापालिकेचाही नाही. अर्ज दोघांना द्या, आणि प्रत्येकाच्या अर्जात दुसऱ्याचा आवक क्रमांक लिहा. रिक्षा थांबा हवा किंवा हलवायचा असेल तर तो प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा विषय. तो अर्ज आरटीओ कार्यालयात द्यायचा.

मार्ग 3: जिल्हा रस्ता सुरक्षा समिती

जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग, महापालिका एका टेबलावर. जिथे हद्दी एकमेकींत अडकतात, तिथे हाच मार्ग उपयोगी: तावडे हॉटेलचा चौक, सांगली फाटा, जोतिबा आणि पन्हाळ्याकडे वळणारे फाटे. गल्लीतल्या खड्ड्यासाठी इथे येऊ नका. बैठकीला वेळ लागतो आणि विषय परत महापालिकेकडेच जातो.

समितीपुढे तक्रारीपेक्षा आकडे चालतात. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले असतील, तर तो अपघातप्रवण बिंदू म्हणजे ब्लॅक स्पॉट धरला जातो. पोलीस ठाण्याकडून त्या पट्ट्यातल्या अपघातांच्या तारखा आणि वेळा मिळवा. वेळ फार सांगून जाते. अपघात संध्याकाळनंतरचे असतील तर प्रश्न दिव्यांचा आणि परावर्तकांचा, सकाळचे असतील तर शाळा आणि दूध-भाजीच्या गाड्यांचा. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 198अ खाली जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख केला की दुरुस्तीचा प्रस्ताव कागदावर येण्याची शक्यता वाढते.

मार्ग 4: माहिती अधिकार, आणि लोकशाही दिन

कामाच्या दर्जावर आणि पैशांवर देखरेख हवी असेल, तर आमच्या मते माहितीचा अर्ज तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांची मर्यादा, 30 दिवसांची मुदत. मागायचं काय? कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची प्रत, चाचणी अहवाल आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख. शेवटची तारीख सर्वात महत्त्वाची, कारण त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. माहिती न बघता महापालिकेकडे नवं डांबरीकरण मागितलं, तर जनतेचा पैसा त्याच रस्त्यावर दुसऱ्यांदा जातो. माहिती अधिकारात कामाची पाहणी करणं आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणंही बसतं, पण फार थोडे लोक ते मागतात.

डांबर टाकत असतानाच बघायचं असेल तर तापमान बघा. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचं मिश्रण अंथरताना किमान 140 अंश सेल्सिअस असावं आणि रोलिंग 90 अंशांखाली जाण्याआधी संपावं. डंपर कोंडीत अडकून थंड झालेला माल दाबला जात नाही, पहिल्याच पावसात त्याची खडी सुटते. रस्ता उखडण्याचं दुसरं कारण धुळीवर, टॅक कोटशिवाय (नवा थर खालच्याला चिकटवणाऱ्या पातळ डांबराशिवाय) टाकलेला थर. तिसरं, आणि कोल्हापुरात सगळ्यात जास्त दिसणारं, म्हणजे जलवाहिनीसाठी खोदलेला चर थर देऊन न दाबता वरवर बुजवणं.

लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, याला पर्याय नाही, पुढची पायरी आहे. महापालिका आणि जिल्हाधिकारी स्तरावर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. आधीच्या अर्जाची पोच जोडली तर अधिकाऱ्याला उत्तर घेऊनच यावं लागतं.

पर्यटनाचा प्रश्न असेल तर

अंबाबाई मंदिर परिसरासाठी तीन मागण्या पुन्हा पुन्हा येतात. आतले रस्ते पादचाऱ्यांसाठी राखणं हा वाहतूक शाखेचा नियम आहे आणि महिनाभराच्या प्रयोगापुरता तो लवकर होऊ शकतो. मात्र रहिवाशांच्या गाड्या, रुग्ण आणि गुजरी या सराफ बाजारातला माल यांच्यासाठी वेळा आधी ठरवल्या नाहीत तर आठवड्यात विरोध उभा राहतो. बहुमजली पार्किंग हे महापालिकेचं भांडवली काम: निधी, जागा आणि काही वर्षं. शिवाय मंदिराला लागून पार्किंग वाढवलं की गाड्या मंदिराच्या दारापर्यंतच येतात, कोंडी कमी होत नाही. तिसरी मागणी, शहराच्या कडेला गाड्या थांबवून केएमटीने भाविक आणणं. ती परिवहन समितीकडे न्यायची. केएमटीला पीएम ई-बस सेवा या केंद्राच्या योजनेत 100 बस मंजूर आहेत, त्यांतल्या काही या फेऱ्यांसाठी राखण्याची मागणी आत्ताच लेखी नोंदवावी. दहा मिनिटांना एक बस नसेल तर लोक रिक्षा किंवा स्वतःची गाडी घेऊनच आत येतात, त्यामुळे मागणीत फेऱ्यांचं अंतर लिहायलाच हवं. पहिली आणि तिसरी मागणी एकत्र करा, दुसरीच्या मागे एवढ्यात लागू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. मंदिराचा कारभार बघणाऱ्या देवस्थान समितीला प्रत जरूर द्या, पण रस्त्यावर तिचा अधिकार नाही.

पन्हाळ्याचं गणित वेगळं. जुलै 2025 मध्ये गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असल्यामुळे गडावर वाहनतळ मागणारा अर्ज बहुधा तिथेच अडखळेल. पायथ्याला गाड्या थांबवणं आणि वर लहान बस सोडणं ही मागणी नगरपरिषद आणि जिल्हा नियोजन समिती दोघींकडे करा, कारण पर्यटन सुविधांसाठीचा जिल्ह्याचा निधी समितीच्या आराखड्यातून येतो.